फाइलचा प्रकार ओळखताना शेवटचा डॉट सांभाळा

प्रोग्रामिंगचं हे कोडं वाचायला अगदी साधं आहे. आधी एक तक्ता मिळतो: एक्स्टेन्शन (नावातल्या शेवटच्या डॉटनंतरचा भाग) आणि त्याचा माइम टाइप, म्हणजे फाइलच्या प्रकाराचं ठरलेलं नाव. मग फाइलींची नावं येतात. प्रत्येक नावासमोर टाइप छापायचा आणि तक्त्यात सापडला नाही तर 'अननोन'.

तक्त्यासाठी डिक्शनरी वापरा, म्हणजे एक्स्टेन्शन दिलं की त्याची नोंद थेट मिळते. १०,००० नोंदी आणि १०,००० फाइली असतील, तर दर फाइलीला अख्खी लिस्ट चाळताना १० कोटींपर्यंत तुलना होतात आणि वेळेची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. एक्स्टेन्शन डिक्शनरीत भरतानाच लोअरकेस करा आणि फाइलच्या नावातून काढलेलंही करा. एकाच बाजूला केलं, तर कॅपिटल अक्षरांतल्या नोंदी हाती लागत नाहीत. माइम टाइपला मात्र हात लावू नका, तो आला तसाच छापायचा. (जावात लोअरकेस करताना लोकेल रूट, म्हणजे कुठल्याही भाषेचे खास नियम न लावणारं सेटिंग, द्यावा. तुर्की लोकेल असेल तर कॅपिटल 'आय'चा बिनटिंबाचा 'आय' होतो आणि 'जिफ' सापडत नाही.)

खरी मेख डॉटमध्ये आहे. पायथनमध्ये बहुतेक जण नाव डॉटवर स्प्लिट करून शेवटचा तुकडा घेतात. फाइलचं नाव नुसतं 'पीडीएफ' असेल, डॉटच नसेल, तर स्प्लिट एकच तुकडा देतो. तोच शेवटचा ठरतो आणि उत्तर चुकतं. शेवटच्या डॉटची जागा सांगणाऱ्या आरफाइंडनेही हेच होतं: डॉट नसला की उणे १ मिळतो, त्यात १ मिळवला की शून्य, म्हणजे पुन्हा पूर्ण नाव. एरर येत नाही, म्हणून चूक लवकर दिसत नाही. नाव कशाने संपतं ते बघणारं एंड्सविथ वापरून डॉट विसरलात तर 'बिलपीडीएफ'सुद्धा पीडीएफ ठरतं.

मला आरपार्टिशन सर्वात स्वच्छ वाटतं. ते शेवटच्या डॉटपाशी नाव तोडून तीन भाग देतं: आधीचा, डॉट आणि नंतरचा. मधला रिकामा असेल तर डॉट नाही, लगेच 'अननोन'. नाहीतर तिसरा भाग डिक्शनरीत शोधा. 'रिपोर्ट..पीडीएफ' बरोबर ओळखलं जातं, 'गाणं.एमपी३.' मध्ये शेवटच्या डॉटपुढे काहीच नसल्याने 'अननोन' येतं.

एक्स्टेन्शन वेगळं करणारं पायथनचं तयार फंक्शन स्प्लिटएक्स्ट इथे घात करतं. '.पीडीएफ' या नावातला पहिला डॉट ते लपवलेल्या फाइलची खूण मानतं आणि एक्स्टेन्शन रिकामं देतं. कोड्याचा नियम 'शेवटच्या डॉटनंतरचं सगळं' असा असेल, तर ते पीडीएफच धरायला हवं.

सी++ मध्ये आणखी एक जागा बघा. तक्ता सीइनने (एकेक शब्द) वाचून नावांसाठी गेटलाइन (पूर्ण ओळ वाचणारी) वापरली, तर तक्त्याच्या शेवटी उरलेली नवी ओळ रिकामं पहिलं नाव म्हणून येते. पहिलं उत्तर 'अननोन' आणि पुढची सगळी एकेक ओळ खाली सरकलेली दिसली, की लॉजिक तपासत बसू नका. गेटलाइनच्या आधी सीइन.इग्नोर घाला.