तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधली मारामारी आणि खरी मारामारी

कराटे शिकवतो मी, १९ वर्षं झाली. क्लास सुटतो, मुलं कोपऱ्यात बसून शूज घालत असतात आणि तेवढ्या पाच मिनिटांत कुणाची तरी आई नाहीतर बाबा मला जरा बाजूला घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "सर, हा सतत त्या गोळ्या घालायच्या गेममध्ये असतो, पिक्चर पण सगळे खूनखराब्याचे, उद्या खरंच कुणाला काही केलं याने तर?" आणि गंमत बघा, विचारणाऱ्याने त्याच पोराला समोरच्याच्या बरगडीत लाथ नेमकी कुठे बसवायची हे शिकायला फी भरून माझ्याकडे पाठवलेलं असतं. त्याबद्दल मात्र आजवर एकानेही विचारलं नाही की सर, तुमच्या क्लासमुळे हा हाणामारी करायला लागेल का.

मी सायकॉलॉजिस्ट नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण प्रश्न इतक्यांदा आला की मी वाचायला लागलो, आणि उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं असं वाटलं.

पहिलं म्हणजे, मुलं बघितलेलं करतात, यात वाद नाही. एखादा मोठा ॲक्शन पिक्चर लागला की मला जाहिरात बघावी लागत नाही, वॉर्मअपच्या आधीच तीन पोरं भिंतीवर पाय देऊन हवेत गिरकी मारायचा प्रयत्न करत असतात आणि चौथा घोटा धरून बसलेला असतो. एका पिक्चरनंतर तर दोन महिने सगळे किक मारून झाली की मागे न बघता चालत जायचे, मी ओरडून ओरडून थकलो, अरे हात खाली सोडू नका, समोरचा अजून उभा आहे.

यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९६१ चा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. तीन ते सहा वर्षांची ७२ मुलं. त्यातल्या एका गटासमोर एका मोठ्या माणसाने पाडली तरी परत उभी राहणाऱ्या हवेच्या बाहुलीला हातोडीने बदडलं, लाथा घातल्या, वर फेकलं. मग मुलांना त्याच बाहुलीसोबत सोडलं तर त्यांनीही तेच केलं, तोंडात शब्दसुद्धा तेच. १९६३ मध्ये माणसाच्या जागी फिल्म दाखवून केलं तरी तसंच. पिक्चर बघून पोरं बिघडतात म्हणणारा प्रत्येक जण फिरून फिरून या बाहुलीपाशी येतो.

पण मी हे वाचलं तेव्हा माझं लक्ष भलतीकडेच गेलं. ती बाहुली बनवलेलीच मारायला! माझ्या क्लासमध्ये तशी एक बॅग लटकवलेली आहे, तिच्यासमोर कुठलंही पोरगं दोन मिनिटं उभं करा, काही दाखवायची गरज नाही, ते तिला गुद्दा घालणार. शिवाय त्या मुलांना बाहुलीच्या खोलीत नेण्याआधी मस्त खेळणी दाखवून, जरा खेळू देऊन काढून घेतली होती, मुद्दाम, चिडावीत म्हणून. चिडलेलं पोरगं, हाताशी हातोडी आणि समोर मार खायला बनवलेली वस्तू. कसं मारायचं ते त्यांनी बघून उचललं हे मला शंभर टक्के पटतं. पण का मारायचं, त्याची सोय आधीच करून ठेवली होती की!

हा "कसं" आणि "का" मधला फरक माझ्या डोक्यात पक्का बसला तो स्पर्धेच्या एका दिवशी. आमच्या फाइट्स चार तास लांबल्या, पोरं हॉलच्या पायऱ्यांवर पसरली होती आणि माझ्या शेजारी आमचा एक १४ वर्षांचा मुलगा मोबाइलवर गोळ्या घालायचा गेम खेळत होता. मलाही काम नव्हतं, तासभर त्याच्या खांद्यावरून बघत बसलो. त्या तासात त्याने चाळीसेक माणसं तरी मारली असतील, आणि चेहरा कसा, तर कपड्यांना इस्त्री करताना असतो तसा. मधेच मला विचारतो, "सर, डबा उघडू का?" मग नेट अडकलं. स्क्रीन थांबली, परत चालू झाली तोवर याचा माणूस मेलेला. पोराचे कान लाल झाले, मोबाइल बॅगेवर आपटला, आणि शेजारच्या मुलाने नुसतं "काय रे, गेलास?" विचारलं तर त्याला कोपर मारलं. म्हणजे चाळीस खून थंड डोक्याने आणि कोपर बसलं ते नेटसाठी.

नंतर कळलं की यावरही लोकांनी काम केलंय. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू प्रिबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, त्यात त्यांनी टेट्रिससारखा निरुपद्रवी, ठोकळे लावायचा गेम घेतला आणि तो मुद्दाम वैताग येईल असा केला. रक्ताचा थेंब नाही, पण लोक चिडले. आपल्याला जमत नाहीये, कंट्रोल हातात राहत नाही, याने डोकं फिरतं, पडद्यावर काय चाललंय त्याने तेवढं नाही. कराटे शिकवणाऱ्याला हे सांगायला अभ्यास लागत नाही म्हणा. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, जोरात लागलं म्हणून कोणी भडकत नाही, तीनदा तोच पंच खाल्ला आणि अडवता आला नाही की भडकतात.

आता उलट बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल सर आपल्या सोयीचं तेवढं सांगतायत. २०१८ मध्ये वेगवेगळे २४ अभ्यास एकत्र करून १७ हजारांहून जास्त मुलांच्या माहितीवरून निष्कर्ष काढला गेला की मारामारीचे गेम खेळणाऱ्या मुलांमध्ये पुढे आक्रमकता थोडी वाढलेली दिसते. थोडी, पण दिसते. आणि अजून जुना एक अभ्यास आहे, १९७७ मध्ये ज्या ५५७ लहान मुलांची टीव्ही बघायची सवय नोंदवली होती, त्यातली जी सापडली त्यांना १५ वर्षांनी गाठलं, तर लहानपणी मारामारी जास्त बघणारे मोठेपणी जास्त आक्रमक निघाले. दुसरीकडे २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या हजारेक ब्रिटिश मुलांची पाहणी केली, गेम किती हिंसक हे मुलांना न विचारता अधिकृत रेटिंगवरून ठरवलं, मुलाचं वागणं कसं आहे हे पालकांना विचारलं, आणि त्यांना काहीच संबंध सापडला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने तर २०१५ मध्ये गेम आणि आक्रमकतेचा संबंध आहे म्हटलं आणि २०२० मध्ये परत स्पष्ट केलं की बाबांनो, ते आक्रमकतेबद्दल होतं, खऱ्या हिंसेला गेम जबाबदार म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

इथेच सगळा घोळ आहे असं माझं मत. आक्रमकता या एका शब्दात ढकलणं, उलटं बोलणं, शिवी देणं सगळं येतं. काही प्रयोगांत तर गेम खेळवून झाल्यावर समोरच्याला किती तिखट सॉस द्याल किंवा कानात किती मोठा आवाज सोडाल यावरून ती मोजलेली आहे. त्या अर्थाने आक्रमकता मला रोज संध्याकाळी दहा वेळा दिसते, पाणी पिऊन आले की संपते. खरी हिंसा, म्हणजे समोरच्याला इजा व्हावी म्हणूनच केलेली, ती मी १९ वर्षांत एकदाच बघितली.

तो मुलगा १३ वर्षांचा होता. गेम खेळायचा नाही, घरी फोन द्यायचे नाहीत, मारामारीचे पिक्चर त्याला आवडायचेही नाहीत. पॅड धरायला सगळ्यात पुढे, स्वतः पंच मारायला सगळ्यात मागे. एके दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधी त्याने पाण्याची स्टीलची बाटली दुसऱ्या मुलाच्या तोंडावर मारली, एकदा नाही, तीनदा, दोघांना धरून ओढेपर्यंत. दात तुटला, ओठ शिवावा लागला. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, हा घरी काय बघतो? काहीच बघत नव्हता. त्याचं बोलणं जरा अडखळायचं, त्यावरून मुलांनी एक नाव पाडलं होतं, सात-आठ महिने त्याला त्याच नावाने हाक मारायचे. मला माहीत होतं. माहीत कसलं, एकदा हजेरी घेताना मी स्वतः त्या नावाने बोलावलं होतं आणि सगळा क्लास हसला होता, तोही हसला होता. मला ते खेळीमेळीचं वाटलं होतं.

त्यानंतर मी अमेरिकेतल्या शाळांमधल्या हल्ल्यांवरचा एक अहवाल वाचला, तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून केलेला, २००२ चा. १९७४ ते २००० मधल्या ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर त्यात तपासलेत. हिंसक व्हिडिओ गेममध्ये रस दिसला किती जणांना, तर १२ टक्के. पिक्चर २७ टक्के, पुस्तकं २४ टक्के, आणि सगळ्यात जास्त, ३७ टक्के, स्वतःच लिहिलेल्या हिंसक गोष्टी, कविता, डायऱ्या यांत. आणि हल्ल्याआधी आपला छळ झालाय, आपल्याला धमकावलंय, मारलंय असं वाटणारे ७१ टक्के. तो आकडा वाचून मी कागद बाजूला ठेवला आणि त्या दिवशी परत उचलला नाही.

मोठी घटना झाली की बातम्यांत पहिल्या तासात गेमचं नाव येतं, तेव्हा मला आता संशयच येतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हुकच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हाही आलं होतं. त्या हल्लेखोराकडे मारामारीचे गेम होते, ते तपासात आलंच, पण त्याच तपासाच्या अहवालात असंही आहे की एका थिएटरच्या लॉबीत तो तासन्‌तास जो गेम खेळायचा तो पायाने ताल धरून नाचायचा होता. आता डान्सवर बंदी आणायची का? आणि एक मजेशीर अभ्यास, डाल आणि डेलाविन्या या दोन अर्थतज्ज्ञांचा, २००९ चा. त्यांना दिसलं की अमेरिकेत ज्या वीकेंडला हिंसक पिक्चरला गर्दी असते तेव्हा हिंसक गुन्हे वाढत नाहीत, उलट कमी होतात. कारण एकदम साधं, भांडणं उकरून काढणारी तरुण पोरं त्या वेळात थिएटरात बसलेली असतात, पीत नसतात. पिक्चरने ती सुधारली असा अर्थ नाही, फक्त तीन तास अडकून पडली.

मग सर, बघू द्यायचं का सगळं? नाही हो. सहा वर्षांच्या मुलाला १८ प्लसचा गेम देऊ नका, त्याला खोटं-खरं अजून नीट कळत नाही आणि रात्री तो घाबरून तुमच्या कुशीत येईल, ते कारण मला पुरेसं आहे. रेटिंग डब्यावर लिहिलेलं असतं, अॅपवर असतं, ते वाचा, निम्म्या पालकांनी वाचलेलं नसतं. तेराच्या पुढच्या मुलाचं असेल तर शेजारी बसून तासभर बघा, टोमणे न मारता. तो मारतोय काय यापेक्षा हरल्यावर काय करतो आणि हेडफोनमध्ये कोण त्याला काय काय बोलतंय ते ऐका, तिथे जास्त कळतं.

मागच्या महिन्यात एक आई आल्या. मुलगी ११ वर्षांची, धाकट्या भावाला चिमटे काढते, ढकलते, परवा चावली. "सर, त्या गेमपायीच हे, मला खात्री आहे, रात्री एक-एक वाजेपर्यंत खेळते." मी म्हटलं कुठला गेम, गोळ्यांचा? त्यांना माहीत नव्हतं. मुलगी शूजची लेस बांधत होती, तिलाच विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, शेतीचा आहे, कोंबड्या पाळायच्या असतात, आणि रात्री बारानंतर दाणे टाकले नाहीत तर अंडी देत नाहीत.

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कोंबड्यांचं नंतर बघू, आधी हिला दहाला झोपवा.