मागच्या ओट्यावरचे जांभळे डाग

पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या घरामागे ब्लॅक चेरीचे एक जुने, उंच झाड आहे. घर घेतले तेव्हा ते कसले झाड आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. ऑगस्टच्या अखेरीस मागच्या लाकडी ओट्यावर जांभळे डाग पडू लागले, तेव्हा मला आजोळच्या जांभळाखालचे अंगण आठवले. वर पाहिले तर फांद्यांच्या टोकांना बारीक काळ्या फळांचे घोस लोंबत होते.

दुकानात ब्लॅक चेरी म्हणून जी गडद, गोड फळे मिळतात ती ही नव्हेत. ती मुळात युरोप-आशियाकडच्या गोड चेरीची वाणे आहेत. (आपल्याकडे केकवर बसणारी लाल चेरी तर पुष्कळदा पाकात मुरवलेले करवंद असते.) हे झाड अमेरिका खंडाचेच आहे. त्याच्या प्रूनस सेरोटिना या शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'उशिराची' असा आहे, आणि इतर चेरींचा हंगाम आटोपल्यावर ही पिकू लागते, त्यामुळे ते नाव सार्थच म्हणावे लागेल. आमच्याकडे मे महिन्यात, पाने फुटून झाल्यावर, पांढऱ्या फुलांचे लांबट तुरे येतात आणि त्यांची फळे ऑगस्ट-सप्टेंबरात तयार होतात. एकाच घोसात हिरवे, लाल आणि काळे अशी तिन्ही फळे शेजारी शेजारी दिसतात.

झाड ओळखायला साल पुरेशी आहे. जुन्या खोडावर तिचे कडा उचललेले काळपट खवले होतात. इकडे लोक त्याला करपलेल्या बटाट्याच्या वेफरची उपमा देतात आणि ती अगदी चपखल आहे. पान उलटून पाहिले तर मधल्या शिरेच्या कडेने गंजाच्या रंगाची लव दिसते.

फळ जेमतेम एक सेंटीमीटरचे, गर थोडा आणि आत एकच टणक बी. लाल असताना तोंडात टाकले तर जीभ आवळून येते. मात्र पूर्ण काळे होऊन बोट लागताच देठावरून सुटणारे फळ आधी गोड लागते आणि मागून एक स्वच्छ कडवटपणा सोडते. तो कडवटपणा मला या फळाचा दोष वाटत नाही. त्याच्यामुळेच याची चव साखरेच्या ओळखीच्या गोडीपेक्षा वेगळी राहते. पाने, साल आणि बी यांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात आणि तोडलेल्या फांदीवरची कोमेजलेली पाने खाऊन गुरे दगावतात. म्हणून फळे थोड्या पाण्यात शिजवून, बिया न ठेचता, मी ती लाकडी पळीने गाळणीवर दाबते आणि उतरलेल्या रसात साखर व लिंबू घालून त्याची जेली करते. पूर्वी इकडे ही फळे रममध्ये मुरवत, त्यावरून झाडाला रम चेरी असेही नाव पडले. मेक्सिकोत याच जातीची थोडी मोठी फळे कापुलिन या नावाने बाजारात विकायला येतात.

आमच्या उत्तरेला केन नावाचे गाव स्वतःला ब्लॅक चेरीची जागतिक राजधानी म्हणवते, कारण त्या पठारावरच्या या लालसर लाकडाला फर्निचरसाठी मोठा मान आहे. मला मात्र लाकडापेक्षा झाडाखालच्या मातीचे अधिक नवल वाटते.

दर वसंतात आमच्या झाडाखाली शेकडो रोपे उगवतात आणि उन्हाळा सरेपर्यंत जवळजवळ सगळी नाहीशी होतात. एकदा गुडघे टेकून पाहिले तेव्हा कित्येक रोपांचा देठ मातीलगत काळा पडून दोऱ्यासारखा बारीक झालेला दिसला आणि वरची दोन-चार हिरवी पाने आडवी पडलेली होती. मिरची-टोमॅटोची रोपवाटिका करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे दृश्य नवे नाही. रोपे कोलमडण्याचा हा रोग घडवणारे पिथियम नावाचे बुरशीसारखे सूक्ष्मजीव येथेही त्या मुळांशी असतात. इंडियाना विद्यापीठातल्या ॲलिसा पॅकर आणि कीथ क्ले यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, मोठ्या झाडाजवळची माती निर्जंतुक केली तर रोपे अधिक जगतात, दूरच्या मातीत मात्र तसा फरक पडत नाही. याचा अर्थ असा की आईच्या पायाशी पडलेल्या बीला फारशी आशा नसते आणि रॉबिन, वॅक्सविंग असे पक्षी आणि अस्वले यांच्या पोटातून दूर गेलेल्या बीला ती असते.

युरोपात याची उलट बाजू दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समध्ये रेताड जमिनीवरच्या पाइनच्या वनांत हे झाड मुद्दाम लावले गेले आणि पुढे ते इतके माजले की डच लोक त्याला 'बॉसपेस्ट', म्हणजे वनाची पीडा, म्हणू लागले. तिथल्या मातीत मोठ्या झाडाजवळही रोपे जोमाने वाढतात, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. एका देशात ज्या झाडाचे लाकूड अभिमानाने मिरवतात, त्याचीच रोपे दुसऱ्या देशात वनकर्मचारी वर्षानुवर्षे उपटत आहेत.

आमच्या अंगणात टिकलेली तीन रोपे झाडापासून बरीच दूर, ज्या कुंपणाच्या तारेवर पक्षी बसतात तिच्या नेमकी खाली आहेत. त्यातले सर्वांत उंच आता माझ्या कमरेला लागते, आणि गवत कापताना तेवढी पट्टी आम्ही सोडून देतो.