साठ हजार निगेटिव्ह

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं कमी, पासपोर्ट साइज जास्त, असा धंदा. "हनुवटी जरा खाली, इकडं बघा, झालं." त्या चौकोनी फोटोनं कुणाचं वाईट होईल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

परवा लेकीनं लॅपटॉपवर राउल पेकचा 'अर्नेस्ट कोल: लॉस्ट अँड फाउंड' हा माहितीपट लावून दिला. कोल दक्षिण आफ्रिकेतला काळा फोटोग्राफर, जन्म 1940 चा. तिथं वर्णभेदाच्या राज्यात काळ्या माणसानं सोळा वर्षं ओलांडली की पासबुक, म्हणजे बँकेचं नव्हे, राहण्या-हिंडण्याचा सरकारी परवाना, खिशात ठेवावंच लागे. त्यात त्याचा फोटो. पास नसला की अटक. ते फोटोही माझ्यासारख्याच कुणी "इकडं बघा" म्हणत काढले असतील. इथं मी जरा वेळ थांबवायला लावलं.

खाणीत मजूर भरती करताना डॉक्टरी तपासणी. हात वर करून उभी केलेली नागड्या माणसांची रांग. कोलनं हा फोटो जेवणाच्या पिशवीत कॅमेरा लपवून नेऊन काढलाय. पिशवीतून फोकस कसा धरला असेल, देव जाणे. आम्ही तर नवरा-नवरीला तीन-तीनदा हार घालायला लावायचो!

आडनाव Kole चं Cole करून, म्हणजे एक अक्षर बदलून, त्यानं सरकारदरबारी स्वतःची नोंद 'काळा'ऐवजी 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचा, अशी करून घेतली. पासची कटकट सुटली, हिंडता येऊ लागलं. 1966 ला देश सोडला, 1967 ला न्यूयॉर्कला 'हाउस ऑफ बाँडेज' हे पुस्तक निघालं आणि त्याच्याच देशात त्यावर बंदी आली. पुढं अमेरिकेतली वर्षं: रस्त्यावर उघड कॅमेरा चालवता येत होता, पण माणूस मिटत गेला, काही काळ डोक्यावर छप्परही नव्हतं. गोष्ट कोलच सांगतोय अशी निवेदनाची तऱ्हा आहे. सुरुवातीला मला ती खटकली. या भागात मात्र विसरूनच गेलो की बोलणारा दुसराच आहे. फेब्रुवारी 1990 मध्ये मंडेला सुटले आणि आठवड्याभरात कोल कॅन्सरनं गेला. वय 49.

मग 2017 साली स्टॉकहोमच्या एका बँकेत त्याच्या साठ हजार निगेटिव्ह सापडल्या. छत्तीसच्या रोलनं हिशेब केला तर साडेसोळाशेच्या वर रोल. तिथं कुणी ठेवल्या, भाडं कोण भरत होतं, याचं उत्तर चित्रपटात मिळत नाही. मला तर आधी हेच वाटलं, की चला, कोरड्या जागी होत्या. 2019 च्या पुरात माझ्या दुकानात पाणी छताला लागलं होतं. निगेटिव्हचे गठ्ठे एकमेकांना चिकटून विटा झाल्या.

"बाबा, त्या विटांचं काय केलंत?" लेकीनं विचारलं.

माळ्यावर आहेत. तुझ्या आईला सांगू नकोस.