वलगण, पण ऑक्टोबरात

१९ ऑक्टोबर, शनिवार, रात्र

हाताचा वास जात नाहीये. लिंबू झालं, बेसन झालं, कॉफीची पूडही चोळून झाली. जेवताना हिने शेजारची खुर्ची सोडून समोरची धरली, यावरून काय ते समजलो.

आठवडाभर ऑफिसच्या मीटिंगांमध्ये टेबलाखाली फोन धरून एकच आलेख बघत होतो, अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या विल्सन नदीच्या पातळीचा. तिथे मी साल्मन गरवायला जातो. मंगळवारी रात्री पहिला खरा पाऊस लागला. बुधवारी नदी एकदम वर चढली, गुरुवारी दुधाच्या चहासारखी वाहत होती, शुक्रवारी उतरायला लागली. गढूळ पाण्यात गळ टाकून उपयोग नाही, माशाला आमिषच दिसत नाही. पाणी उतरता उतरता त्याला हिरवी झाक येते, हात-दोन हात खोलवरचं दिसायला लागतं, ते दोन-तीन दिवस खरे. अशा दिवशी सरळ आजारी पडावं. यंदा तो दिवस शनिवारीच आला, तेवढं खोटं बोलणं वाचलं.

साडेचारला बीव्हर्टनहून निघालो. ६ नंबरचा हायवे डोंगर ओलांडून टिलामूकला उतरतो. अर्धा रस्ता ज्या जंगलातून जातो ते १९३३ साली जळलं, मग १९३९ साली, १९४५ साली, १९५१ साली. दर सहा वर्षांनी, कुणी रतीब लावल्यासारखं. आज दिसणारे बहुतेक डग्लस फर पुन्हा लावलेले आहेत. उघड्या डोंगरावरची माती पावसाबरोबर नदीत येते आणि वाळू-गोट्यांत पुरलेल्या साल्मनच्या अंड्यांवर बसते. अंड्यांना गोट्यांमधून खेळतं पाणी लागतं, गाळ बसला की ती गुदमरतात. अंधारात हेडलाइटपुढे धुकं सरकत होतं आणि मी हे सगळं डोक्यात घोळवत होतो, कारण झोप येऊ नये म्हणून दुसरं काही सुचत नव्हतं.

जागेचं नाव लिहीत नाही. गरवणारा माणूस बायकोला पगार खरा सांगेल, पण जागा खरी सांगणार नाही.

सूर्योदयाच्या तासभर आधी गळ टाकता येतो, म्हणून सहालाच काठावर रांग लागली होती. बारा-तेरा जण, प्रत्येकात जेमतेम चार हातांचं अंतर. होडीवाल्यांची ऐट वेगळी, आम्ही काठावरचे म्हणजे लोकलच्या दारातली गर्दी. पण शिस्त तीच, न लिहिलेली. सगळ्यांनी एकाच लयीत वरच्या अंगाला टाकायचं, बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा, वाहत खाली जाऊ द्यायचा, गुंडाळायचं, पुन्हा टाकायचं. मध्येच लहर आली म्हणून आडवं टाकलं की पाच जणांचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, एकमेकांत अडकतो आणि पाच जण तुमच्याकडे बघतात. पहिल्या वर्षी माझ्याकडे बघत होते.

माझ्या डावीकडे लाल टोपीवाला म्हातारा होता. तीन हंगाम याच्याच शेजारी उभा राहतो मी, नाव अजून विचारलेलं नाही. त्याने त्याच्या डब्यातली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, आमिषाला दिली. मागच्या माशाची गाबोळी, मीठ, साखर, बोरॅक्स आणि कसलासा झगझगीत गुलाबी रंग लावून मुरवलेली. एकेक दाणा मटाराएवढा. सुपारीएवढा तुकडा कापायचा आणि गळाच्या वर दोऱ्याचा फास असतो त्यात अडकवायचा. हात रंगपंचमीचे होतात.

गंमत म्हणजे नदीत शिरलेला साल्मन खातच नाही. त्याचं पोट आक्रसलेलं असतं. समुद्रात कमावलेल्या चरबीवर त्याला वर जायचं, अंडी घालायची आणि मरायचं. मग तो गाबोळी तोंडात का घेतो? रागाने, सवयीने, दुसऱ्याची अंडी म्हणून? काठावर जितकी तोंडं तितकी मतं. म्हातारा म्हणतो, त्याला हात नाहीत, म्हणून तो वस्तू तोंडाने चाचपून बघतो. मला हे पटतं.

नऊच्या सुमारास पुन्हा भुरभुर लागली आणि मला माणगावकडचं आमचं गाव आठवलं. मृगाचा पहिला पाऊस, ओढा लाल झालेला आणि रात्री अख्खं गाव कंदील, कोयते, पाग, टोपल्या घेऊन शेतात. वलगण, म्हणजे पहिल्या पावसात मासे वर चढतात ते! शिवडे, मुऱ्या असले मासे, पोटं अंड्यांनी फुगलेली, पाण्याविरुद्ध चढून भातखाचरांत शिरणाऱ्या. आम्ही पोरं नुसत्या हातांनी धरायचो. त्यातला एकही मासा सोडावा हे कुणाच्या स्वप्नात आलं नाही. इथेही तेच आहे. पावसाची वाट बघत खाडीत थांबलेला मासा, गोड्या पाण्याचा लोंढा आला की चढायला लागतो. फक्त हातात कोयत्याऐवजी नियमांचं पुस्तक.

दहा वाजून गेले आणि माझा बॉबर दिसेनासा झाला. टुणकन नाही, सावकाश, कुणी खालून बोट लावून ओढल्यासारखा. दांडी उचलली तर आधी वाटलं लाकडात अडकली. मग ते लाकूड चालायला लागलं.

“फिश ऑन!” मी ओरडलो. आवाज फाटला. रांगेतल्या सगळ्यांनी भराभर आपापला तंगूस गुंडाळला, मला खाली जायला वाट करून दिली. सकाळपासून एकमेकांशी न बोललेली माणसं! रीळ किरकिरत होतं. मासा दोनदा उडाला, तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या जाळ्यात आला, पंचवीस-सव्वीस इंच, अजून चांदीसारखा.

“पाण्यातच ठेव,” तो म्हणाला. त्याने जबडा जरासा उघडून दाखवला. हिरड्या पांढऱ्या, म्हणजे कोहो जातीचा साल्मन. काळ्या असत्या तर चिनुक. “आता पाठ बघ.”

पाठीवर मागे, शेपटीच्या अलीकडे, एक बारकासा पर असतो, काटा नसलेला, कानाच्या पाळीसारखा मऊ. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिलांचा तो कापून मग सोडतात, म्हणजे मोठा झाल्यावर ओळखता यावा. पर नाही तर मासा तुमचा. पर आहे तर तो नदीतच जन्मलेला, सध्याच्या नियमाने सोडायचा. या किनाऱ्याचा जंगली कोहो १९९८ साली संकटग्रस्तांच्या यादीत गेला.

मी बोटं पाठीवरून मागे नेली. गार, बुळबुळीत, मग गुळगुळीत, अजून गुळगुळीत. वाटलं, नाहीच. आणि अंगठ्याखाली तो लवला.

खोटं कशाला लिहू, मी दुसऱ्यांदा चाचपून बघितलं. तिसऱ्यांदाही. म्हातारा काहीच बोलला नाही.

गळ सुटला. शेपटीच्या मुळाशी धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले उघडझाप करत होते. किती वेळ गेला कोण जाणे, माझी बोटं बधिर झाली होती. मग एक झटका, तोंडावर पाणी, आणि हातात काही नाही. परवान्यावर मासे नोंदवायच्या रकान्यात तिसऱ्या वर्षीही काही नाही. येताना टिलामूकमध्ये चीज घेतलं. घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं.

आठ वाजता आईला फोन केला. तिकडे रविवार सकाळ.

“किती मिळाले?”

“एक. सोडला.”

“सोडलास? का रे?”

“पर होता त्याला.”

“अरे, माशाला पर असणारच!”

समजावून सांगितलं. पटलं नाही. मग म्हणाली, “गाबोळी होती का पोटात?”

“पोटात माहीत नाही. गळाला होती. इथे गाबोळी आमिष म्हणून लावतात.”

इतका वेळ शांतता, की वाटलं फोन कट झाला.

“तळत नाहीत?”

“नाही गं.”

“काहीच लावत नाहीत? हळद, तिखट?”

“साखर लावतात. आणि गुलाबी रंग.”

आईने फोन बाबांकडे दिला.