पहा सापा

आज माउंट रशमोर बघून आलो, मुलांना डोंगरात कोरलेले चार प्रेसिडेंट दाखवले, फोटोबिटो काढले, आणि परत येताना रस्त्याकडेला एक लाकोटा (इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या) आजी मण्यांचे कानातले विकत बसल्या होत्या त्यांच्यापाशी थांबले ती तासभर तिथेच. हे ब्लॅक हिल्सचे डोंगर, ज्यात माउंट रशमोर आहे, ते त्यांच्या लोकांचे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारात अमेरिकन सरकारनेच लिहून दिलेलं, मग १८७४ ला सोनं सापडलं आणि १८७७ ला कायदा करून सगळं काढून घेतलं. १९८० ला सुप्रीम कोर्टाने चूक मानली, साडेदहा कोटी डॉलरच्या आसपास भरपाई दिली, पण लाकोटांनी एक पैसासुद्धा उचलला नाही, व्याज धरून ती रक्कम आता शंभर कोटींच्या वर गेलीय आणि इकडे पाइन रिज या त्यांच्या राखीव वसाहतीत इतकी गरिबी! मी विचारलं तर आजी म्हणाल्या, डोंगर विकायला काढलेच नव्हते गं, पैसे कशाचे घेऊ? पोटात कालवलं अगदी. जमीन परत हवी एवढंच मागणं आहे त्यांचं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

कानातले कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी लेकीला 'पहा सापा' म्हणायला शिकवलं, म्हणजे काळे डोंगर. गाडीत झोप लागेपर्यंत तेच म्हणत होती ती.