मॉलमधलं साचेखातं
आज लोअर परळच्या मॉलमधे मामा मधेच थांबले, "इथं आमचं साचेखातं होतं." साचेखातं म्हणजे गिरणीतला मागांचा विभाग. समोर बुटांचं दुकान. आणि पुढे एकदम सहज, "शेठचं बरंच झालं म्हणा, मिल बंद पडली ते."

हे वाक्य काय डोक्यातून जाईना. धंदा उभा केला, जोखीम घेतली, त्याचा पैसा शेठने खुशाल कमवावा. पण जमिनीचा भाव तर या शहराने वाढवला ना, त्यात शेठची मेहनत कुठली? १९९१ च्या नियमात गिरणीच्या जागेत म्हाडा, पालिका आणि मालक असे वाटे होते, २००१ मधे तेही फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरते उरले, बाकीच्यांच्या हाती चिंचोके. १९८२ च्या गिरणी संपातले कितीतरी कामगार म्हाडाच्या गिरणी कामगारांसाठीच्या घराच्या लॉटरीची वाट बघत गेले.

मामांचा फॉर्म अजून पडूनच आहे. इथे कोणाच्या घरी नंबर लागलाय का?