मँडरिन माशाला गोठवलेल्या खाद्याची सवय : आतापर्यंतची प्रगती

मँडरिन हा लहान, रंगीबेरंगी समुद्री मासा छोट्या टाकीत ठेवू नये, असे जाणकार सांगतात, त्याचे मुख्य कारण जागेपेक्षा अन्नाचे आहे. हा मासा दिवसभर खडकांवरून आणि वाळूवरून हिंडत एकेक कोपेपॉड (पाण्यातला अगदी बारीक कवचधारी जीव) टिपून खातो. त्यामुळे एकदाच भरपूर खाद्य टाकून त्याचे भागत नाही, आणि माझ्या 60 लिटरच्या टाकीतले कोपेपॉड तर नवी पैदास होण्याआधीच तो फस्त करतो. म्हणून त्याला गोठवलेल्या खाद्यावर आणण्याचा प्रयत्न सुरू आहे.

पंप बंद करून, नेहमी एकाच कोपऱ्यात ठेवलेल्या काचेच्या उथळ वाटीत मी पिपेटने आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या छोट्या जीवाची) जिवंत पिल्ले सोडतो. ही पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच द्यावीत, कारण तेव्हा त्यांच्या अंगात बलक शिल्लक असतो. पहिली कात टाकेपर्यंत त्यांना खाता येत नसल्याने त्याआधी पोषक द्रावणात ठेवून काहीही साधत नाही. वाटीची जागा माशाच्या लक्षात आल्यावर मी जिवंत पिल्लांत गोठवलेले सायक्लॉप्स (हाही एक कोपेपॉडच) आणि बारीक गाभोळी मिसळू लागलो, आणि हळूहळू जिवंत खाद्याचे प्रमाण कमी केले. सुरुवातीला तो निश्चल कणाकडे बराच वेळ रोखून पाहत असे आणि टिपलाच तर थुंकून टाकत असे. आता गाभोळी तो बिनतक्रार गिळतो, सायक्लॉप्स मात्र लहर लागली तर. त्याच टाकीतल्या क्लाउनफिशला आधी विरुद्ध कोपऱ्यात खाऊ घातले नाही, तर वाटी तोच रिकामी करतो (त्याच्या भुकेला तळ नाही).

मासा टिपताना दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नये, हे माझे ठाम मत आहे. खरा पुरावा पोटाचा: ते खपाटीला गेले असेल, तर त्याला अन्न अपुरे पडते आहे. सध्या वरून पाहिल्यास पोटाला किंचित गोलाई दिसते.

उरलेले खाद्य मी लगेच नळीने ओढून घेतो, कारण इतक्या कमी पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट झपाट्याने वाढतात. मायसिसला (कोळंबीसारख्या छोट्या जीवाच्या गोठवलेल्या खाद्याला) मँडरिन अद्याप तोंड लावत नाही. पुढच्या टप्प्यात त्याचे बारीक तुकडे करून गाभोळीत मिसळणार आहे. तोवर हरित शैवालावर वाढवलेले कोपेपॉड, दिवे मालवल्यानंतर, खडकांजवळ सोडणे चालूच राहील.